क्रुसाच्या चौथऱ्याखाली

पुकारुमी, ४ मे

चि. सौ. एउदोसियास अनेक आशीर्वाद.

क्रुसाचा सण प्रभुकृपेने निर्विघ्न पार पडला. तू आली नाहीस. खालच्या गावाच्या उबेत नणंदबाईंचे पाय जड झाले काय, असे तुझी वहिनी विचारते. यंदा डोंगरमाथ्यावर क्रुसासाठी सिमेंटचा भक्कम चौथरा बांधला. तुमच्या गावाला पाणी नेणारा लोखंडी नळ तेथूनच उतरतो. त्यावरचा एअर व्हॉल्व्ह ऐन प्रार्थनेत सापासारखा फुत्कारत असे; तो आता चौथऱ्याच्या पोटात गेला. तुझा विल्बेर म्हणाला, मामा, हवेला भोक तरी ठेवू या. मी म्हटले, नळाचा राखणदार तू असशील, पण बाप्तिस्म्याला तुला हातांवर धरणारा मी आहे. मग त्यानेच मुकाट्याने सिमेंट कालवले.

तुम्हा सर्वांवर प्रभूची छाया असो.

सेनोबिओ

उरायपाम्पा, १२ मे

ती. दादांस सा. न. वि. वि.

घाईत लिहितेय, अक्षराकडे पाहू नका. काल टाकी धुवायची म्हणून विल्बेरने वरचं पाणी बंद केलं. नळातलं पाणी खाली वाहून गेलं आणि डोंगर किंचाळला. धावत जाऊन पाहतो तर नळ फुटला नव्हता, दादा, चपटा झाला होता! वळणापासून ओढ्यापर्यंत, चुरगळलेल्या पुठ्ठ्यासारखा. कुणी हात लावला नव्हता.

गावात थेंब नाही. शेजारची फाउस्तिना तोंडावर म्हणाली, तुझ्या लेकाने चिचा दारू ढोसून चावी फिरवली असणार. रविवारच्या सभेत त्याच्याकडून चाव्या काढून घेणार आहेत. तो एवढंच म्हणतो की, पाणी उतरताना नळाला वरून हवा लागते. ती मिळाली नाही तर बाहेरची हवाच त्याला चिरडते. ती का मिळाली नाही, हे विचारलं की तोंड उघडत नाही.

माथ्यावर काय बांधलं ते मला ठाऊक आहे. पण तो तुमचं नाव घेत नाही, म्हणून मीही घेणार नाही.

तुमची,
एउदोसिया

पुकारुमी, १३ मे

चि. सौ. एउदोसियास आशीर्वाद.

तुझे पत्र वाचले आणि तडक माथा चढलो. रितेपण दुर्बळ असते, अशी माझी आजवरची समजूत होती. मग क्रूस उतरवून तुझ्या वहिनीच्या शालीवर निजवला आणि पहार उचलली. सणाचा यजमान इलारिओ ओरडला, अहो कातेकिस्ता, गावाला धर्म शिकवणारे तुम्ही, म्हातारचळ लागला काय, हा देवद्रोह आहे! बायका गुडघ्यांवर बसून रडू लागल्या. चौथरा फुटला आणि सारे पुढे येऊन वाकले. ओले सिमेंट झडपेच्या मुखात ओघळून दगड झाले होते, अर्भकाच्या घशात माती कोंबावी तसे. इलारिओने टोपी काढली.

माझ्या प्रार्थनेला शांतता हवी होती, म्हणून मी एका गावाचे पाणी तोडले. चित्त विचलित होते तो दोष आवाजाचा नव्हे, हे मी जन्मभर इतरांना शिकवत आलो!

परवा सभेला येतो. मला मानाच्या बाकावर बसवू देऊ नकोस. विल्बेर मला अडवील. त्याचे ऐकणार नाही, हे त्याला आधीच सांग. त्याला अगदी समोर बसव. गावाची क्षमा मागण्याआधी मला त्याची मागायची आहे, आणि ती त्याच्या डोळ्यांत पाहून.

या भावाविषयी काही लोभ उरला असेल, तर तो रविवारपर्यंत राखून ठेव. मला तो लागेल.

सेनोबिओ