मानाचा देवमासा

सान्दुर, फेरो बेटे
१८ ऑगस्ट १९९१

ती. सुन्नवाताईस,
हानुसचा सा. न. वि. वि.

तू मिळेल त्या बोटीने कोपनहेगनला पळालीस, त्याला आठवडा झाला. इकडे सर्व क्षेम, म्हणजे आई रुसली आहे आणि माझी पाठ आखडली आहे. गावात मात्र तुझंच नाव गाजतंय. तीस वर्षं डेन्मार्कात राहून, तिथल्या समुद्रमित्र मंडळाची सचिव होऊन, देवमाशांची शिकार बंद करा म्हणून पेपरांत लिहिणारी बाई सुट्टीत माहेरी येते, सकाळी आईच्या खिडकीत कॉफी पीत उभी राहते, तिला खाडीत काळे पर दिसतात, आणि ती खिडकी उघडून ‘कळप आला हो’ अशी आरोळी ठोकते! पाद्रीबुवा अर्ध्या दाढीनिशी होडीकडे धावले. ताई, आमच्यातल्या एकालाही तो कळप दिसला नव्हता.

आता कामाचं. मांसाची वाटणी नेहमीप्रमाणे घरटी फुकट झाली. पण कळप पहिल्यांदा पाहून हाक देणाऱ्याला एक अख्खा देवमासा मानाचा, हे तुला ठाऊक आहे. वाटणी करणाऱ्या अंमलदारांनी भर धक्क्यावर तुझं नाव पुकारलं. तू उशीत डोकं खुपसून पडली होतीस, म्हणून मीच टोपी काढून उभा राहिलो. मांस आपल्या वाळवणाच्या खोपीत टांगलंय, चरबी मिठात घातली आहे.

अडचण आईची आहे. वसंतातल्या दुखण्यापासून ती चिमणीएवढं खाते, हे तू पाहिलंसच. परवा तिने आपणहून चरबीचा तुकडा आणि बटाटा मागितला. मी हरखून ताट वाढलं आणि वाढता वाढता बोलून गेलो, की हा तुझा मासा. झालं! तेव्हापासून ताट बाजूला सारते. धनिणीने लिहून दिल्याशिवाय घास घेणार नाही म्हणते. आमच्या वाटणीतलं देतो म्हटलं, तर तेही नको. डॉक्टर म्हणतात, आणखी उतरली तर अवघड होईल. तेव्हा तिला चार ओळी लिही. फोन नको, तिला ऐकू येत नाही.

लोभ आहेच, तोही तुझ्या माशाबरोबर खारवून ठेवला आहे.
तुझा,
हानुस

कोपनहेगन
२६ ऑगस्ट १९९१

चि. हानुस यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी आधी दार लावून घेतलं. शेजारीण डोकावली असती तर! माझ्याच गळ्याने मला दगा दिला रे. इतक्या वर्षांत डोकं बदललं, भाषा बदलली, चहाची वेळसुद्धा बदलली. गळा मात्र बाबांच्या हाताखाली तयार झालेलाच राहिला. दिसलं आणि हाक दिली नाही तर गावाच्या ताटात माती कालवल्यासारखं, असं ते म्हणायचे. पर दिसले आणि मी तोंड उघडलं. मिटलं तेव्हा उशीर झाला होता.

इथे मंडळाच्या अध्यक्ष बोदिलबाईंनी विचारलं, की शिकार सुरू झाली तेव्हा मी काय करत होते. मी म्हटलं, खिडकीत उभी होते. खोटं नाही बोलले. बायकांनी हळहळून मला बिस्किटं दिली आणि मी निर्लज्जासारखी खाल्ली.

पण आईला ‘खा’ असं कसं लिहू? या मांसात पारा असतो, असं आमच्याच पत्रकात मी छापलंय. माझ्याच हाताने आईला ते खायला सांगू? तूच सांग की मी परवानगी दिली. तुला पूर्वीपासून थापा चांगल्या जमतात.

आईची काळजी घे, आणि तुझ्या लांबट नाकाच्या ताईवरची माया आटवू नकोस.
सुन्नवा

सान्दुर
३ सप्टेंबर १९९१

ती. ताईस सा. न.

थाप मारून पाहिली. आईने कागद मागितला. पेपरवाल्यांना लिहायला हिला वेळ आहे, असं म्हणून तिने भिंतीकडे तोंड केलं. काल दिवसभरात अर्धा वाडगा सूप गेलं.

ताई, तुझं मत तुझ्यापाशी. माझं माझ्यापाशी आहे आणि त्यावर आपण पुढची वीस वर्षं खुशाल भांडू. मला आता फक्त आई हवी आहे.

रागावलेला, तरी तुझाच,
हानुस

कोपनहेगन
९ सप्टेंबर १९९१

ती. आईस,
सुन्नवाचा सा. न. वि. वि.

तो मासा माझा आहे. माझ्या हाकेने मेला, हे मला टोचतं आणि टोचत राहील. मेलाच आहे, तर तो तुझ्या ताटात यावा. आई, खा. थोडंच खा, डॉक्टरांना विचारून खा, पण खा. उरलेलं म्हाताऱ्यांच्या घराला पाठव.

मी अजून शिकारीच्या विरुद्धच आहे, हे लिहितानासुद्धा. मंडळात सगळं कबूल केलं. माझं सचिवपद गेलं. आता पाकिटांना तिकिटं चिकटवते. जिभेला तेवढंच काम बरं, असं माझं मलाच वाटतं.

मी न सांगता पळाले, त्याचा राग सोड. तुझी माया असू दे, मला तिची फार गरज आहे.
तुझी,
सुन्नवा

सान्दुर
२० सप्टेंबर १९९१

चि. सुन्नवास अनेक आशीर्वाद.

माझं अक्षर लावून वाच. बटाट्याबरोबर दोन तुकडे खाल्ले. हानुसने मीठ जास्त घातलंय, अगदी बापावर गेलाय. आज लापशीसुद्धा गेली, तेव्हा काळजी करू नकोस.

मी हट्टाने ताट सारत नव्हते. तू रडत गेलीस, आणि जे पाहून गेलीस तेच मी मिटक्या मारत खाल्लं, तर तू पुन्हा या घरात पाय ठेवणार नाहीस, अशी भीती बसली होती. घास उतरेना.

एक सांगायचं राहिलं. तुझा आवाज मला फोनवर कधीपासून ऐकू येत नाही. मी हूं हूं करते, एवढंच. त्या सकाळी तुझ्याकडे पाठ करून विणत बसले होते आणि तुझी हाक मला ऐकू आली. अख्खी. मी वळून खाडीकडे नाही पाहिलं, तुझ्याकडे पाहिलं.

पुढच्या उन्हाळ्यात ये. खिडकीला जाड पडदा शिवायला घेतला आहे.

तुझी वाट पाहणारी,
आई