शाफ्टवरची पांढरी रेघ

दादा,

पिकअपचा खडखडाट गेला. गिअरबॉक्सला काहीच झालं नव्हतं, उगाच उघडायला लावलास मला. मागची चाकं फिरवणारा लांब शाफ्ट अर्धा फेरा फिरवून बसवला होता. शाफ्ट जसा होता तसाच परत बसावा म्हणून बाबांनी त्याच्या जोडावर पांढऱ्या रंगाची रेघ मारलीये, आठवतंय? त्या रेघेचे दोन तुकडे जुळत नव्हते. म्हणजे कुणीतरी शाफ्ट काढला होता. गाडी टो करून आणताना काढतात तसा.

आवाज सुरू झाला तो बाबांच्या डिस्चार्जच्या दुसऱ्या दिवशी. डिस्चार्जच्या दिवशी, त्यांना आणायची वेळ झाली तेव्हा, तू फोनवर म्हणालास, "गाडी दारातच आहे, सुरूच होत नाहीये." दारातली गाडी कोण टो करतं रे? पोटाला टाके असताना बाबा बसमधून उभ्याने घरी आले.

कुठे गेला होतास ते मला नको, त्यांना सांग. त्यांची चारची गोळी फ्रिजवर ठेवलीये. मी गाडी घेऊन आत्याकडे चाललेय.

तीन रविवार मी गाडीखाली पडून आवाज शोधत होते. टॉर्च तूच धरला होतास, आणि एकदाही त्या शाफ्टवर उजेड पडू दिला नाहीस.