वाटेत असलेले पैसे

तीर्थरूप ओपोकू मामा यांना,

तुमची भाची सेरवा हिचा कुमासीहून नमस्कार. गुडघा कसा आहे? इथे सगळे बरे आहेत, थोरली मावशी सोडून. ती अजून इस्पितळाच्या शवागारातच आहे, आणि हा चौथा महिना.

मामा, चूक माझी आहे, ती आधीच कबूल करते. परदेशातून पैसे यायला आमच्या बँकेत पूर्वी आठवडा लागायचा (मध्ये सण आला तर दोन). आता नवी सोय झाली आहे. तिकडे तुमच्या आबिजानची बँक तुमचे फ्रँक क्रिप्टोच्या नाण्यात बदलते, ते नाणं संगणकातून क्षणात इकडे येतं, आणि आम्ही त्याचे इथले सेडी करून देतो. सगळं मिळून तीन मिनिटं. मला याची तीन दिवस शिकवणी मिळाली, प्रमाणपत्रही. घरात शिकलेली मी पहिलीच, म्हणून रविवारी कुळाच्या बैठकीत आईने मला हे समजावून सांगायला उभं केलं. मी सांगितलं. (कुणी विचारलं नसताना ‘सुट्टीच्या दिवशीसुद्धा’ हेही जोडलं. शिकवणीत त्यावर भर होता.)

मावशीच्या शवपेटीचा खर्च तुमच्या वाट्याला आला आहे, आणि चार महिने सगळे “ओपोकूचे पैसे वाटेत आहेत” एवढ्यावर समाधानी होते. आंपोफो आजोबांनी मनगटावरचं घड्याळ काढून मांडीवर ठेवलं. “पोरी, वाट तीन मिनिटांची, मग हा बाबा चार महिने चालतोय कुठे?” आई म्हणाली, “त्याचा गुडघा दुखतो ना.” कुणी हसलं नाही. आजोबांनी कुळप्रमुख म्हणून तिथल्या तिथे येत्या शनिवारचा अंत्यविधी ठरवला. पत्रकंही छापली, त्यांवर तुमचा फोटो मावशीच्या फोटोपेक्षा मोठा आला आहे. आता रोज संध्याकाळी मी दारात पाय ठेवला की, “आलं का गं ते नाणं?” मी नाही म्हणते. खोटं बोलायला मला जमत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे.

मामा, माझ्या फीच्या वेळीही आई मुख्याध्यापकांना हेच सांगायची, आणि ते मला वर्गात बसू द्यायचे. त्या एका वाक्यावर मी सहा वर्षं शिकले. शिकून काय केलं, तर तेच वाक्य मोडलं.

लहान तोंडी मोठा घास घेतला असेल तर क्षमा करावी.

तुमची,
सेरवा

ता. क. पत्र बसचालक येबोआसोबत पाठवते आहे, कारण घरात माझा फोन सगळे वाचतात. तुमचं गोदाम कधीच बंद पडलं आणि तुम्ही बसस्थानकावर सामान चढवता, हे त्यानेच सांगितलं. घरी मी बोललेले नाही. (कुणी विचारलेलं नाही, म्हणून ते खोटं ठरत नाही, असं मी धरते.) पत्र तुमच्या हाती पडलं की तो मला मिस्ड कॉल देईल. मग तीन मिनिटांत तुमच्या खात्यात माझ्या बचतीतल्या सहा हजार सेडींचे फ्रँक येतील. ते शुक्रवारी दुपारपर्यंत तुमच्या नावाने आईच्या खात्यात पाठवा. क्रमांक चारदा तपासा. गेलेलं नाणं परत बोलावता येत नाही.

ता. क. दुसरा. सगळे सहा पाठवू नका, पाचच पाठवा. पेटीला कमी पडणारे हजार मी सुताराकडे देऊन ठेवले आहेत, आणि तुमच्याकडे उरतील त्यात इकडे यायचं रात्रीच्या बसचं तिकीट येतं. शिवाय तुम्ही आजवर पूर्ण रक्कम कधीच पाठवलेली नाही. सहा आले तर आई लगेच ओळखेल.