झाडफुकीची सीडी

ब्रह्मपुरी

प्रिय भूपेश,

पाकीट हातात घेतल्याबरोबर तू ते चाचपलं असशील, आणि आत सीडी आहे हे कळल्यावर तुझा जीव भांड्यात पडला असेल. पण आधी पत्र वाच. तसंही तुझ्या नव्या लॅपटॉपला सीडी लावायची सोय नसणार. कुणाकडून तरी ड्राइव्ह मागून आणावा लागेल, तेवढ्यात हे वाचून होईल. फोनवर तू सारखं विचारत होतास, आईचा आवाज निघाला का. मी म्हटलं, गेला. तू रडलास, मी ऐकून घेतलं आणि गिऱ्हाईक आलंय म्हणून फोन ठेवला. गिऱ्हाईक कुणी नव्हतं.

दुकान अजून स्टँडसमोरच आहे. पाटीवरचं तुझं नाव मी पुसलं नाही, ते उन्हानंच उडालं, माझं मात्र सावलीत असल्यामुळे राहिलं. जुनी कॉम्प्युटरची मशीनं घेऊन लोक अजून येतात, पार धानोऱ्याहूनसुद्धा. मशीन सुरू होत नसलं की आजही म्हणतात, बाई, याले बाहेरचं लागलं. तू त्या सीडीवर मार्करनं ‘झाडफूक’ लिहिलं होतंस ना, तीच अजून चालवते. लागलेल्या मशीनला त्याचंच दुखणं विचारायचं नसतं, ते खोटं सांगतं, हे तूच मला शिकवलंस. त्याला झोपलेलं ठेवायचं, सीडीवरून दुसरीच सिस्टीम सुरू करायची आणि तिच्याकडून एकेक फाइल तपासून घ्यायची. शिकवताना तू माझा हात माउसवर धरून ठेवायचास. तेव्हा मला वाटायचं, हा माणूस खोटं ओळखतो म्हणजे खोटं बोलत नसेल. हसू नकोस, वय तसं होतं.

तुझ्या घरचं मशीन तुझे बाबा, डोमाभाऊ, घेऊन आले. पोत्यात गुंडाळून, काळीपिवळी जीपमध्ये मांडीवर धरून. तू त्यांना दुसऱ्या कुठल्यातरी दुकानात न्यायला सांगितलं होतंस म्हणे. त्यांना दुसरं दुकान माहीत नाही. त्यांच्या लेखी हे अजून त्यांच्या पोराचं दुकान आहे. ते मशीन कशानं बिघडलं ते सांगू? तुझ्या पेनड्राइव्हनं. तुझ्या लग्नाचे फोटो आईला दाखवायला आणला होतास, तोच. किडा, व्हायरस म्हणतात तो, त्यातूनच आला. पुण्याहून तू घरी आणलेल्या वस्तूंपैकी तेवढीच एक टिकाऊ निघाली.

ते फोटो तुझ्या आईनं, कुंताबाईंनी, किती वेळा पाहिले असतील कोण जाणे. पुढे तर मशीन सुरू होईनासं झालं, तरी त्या वरची धूळ पुसायच्या. बाजाराच्या दिवशी मासळी विकून झाली की टोपली माझ्या दुकानात टेकवायच्या आणि लग्नाच्या गोष्टी सांगायच्या. रिसेप्शनच्या एका फोटोत कडेला हिरव्या बांगड्यांचा हात आहे, तो त्यांचा, हे त्यांनी मला कौतुकानं सांगितलं. बाकी कुठल्याच फोटोत त्या नाहीत. का नाहीत, तेही सांगितलं, अगदी सहज. त्यांनी तुझ्यासाठी पदराखाली सुकी मासळी बांधून आणली होती, हॉलभर वास सुटला आणि तुझ्या साहेबानं विचारलं, या कोण. तू म्हणालास, गावाकडच्या ओळखीच्या बाई आहेत. मी हातातलं काम टाकलं. त्यांनी मात्र मलाच समजावलं, “म्या बी हो म्हणलं. लेकराची शोभा काऊन करावं?” मग टोपली डोक्यावर घेऊन त्या निघून गेल्या. मला तुझा इतका राग आला, की मी त्या दिवशी दुकान तिथंच बंद केलं. मला सोडून गेलास तेव्हाही इतका आला नव्हता.

पुढे त्यांना ताप आला आणि त्या तापातच त्या गेल्या. तू तेरवीला आलास, गॉगल घातलेला होतास, माझ्या दुकानावरून गाडी नेलीस. पुण्याला परतल्यावर तुला आठवलं, की आपण एकदा आईचा आवाज भरून ठेवला होता. मग बाबांना फोन, मशीन दाखवा, काही करा, तेवढंच राहिलंय. आठवतं ना ते? मीही होते तिथे. बोडीवरून, तळ्यात मासळी धरून, आल्या होत्या त्या, हात ओले होते, आणि तू त्यांच्या तोंडासमोर माइक धरला होतास. ते फोल्डर तू नुसतं ‘आई’ या नावानं ठेवलंस.

मी सीडी लावली. डोमाभाऊ स्टुलावर बसून पडद्याकडे बघत होते. त्यांना इंग्रजी अक्षर येत नाही, पण लाल रंग कळतो. या किड्याची रीत तुला माहीत आहे. खरं फोल्डर तो लपवतो आणि त्याच्या जागी त्याच नावाचं नकली उभं करतो. पुसलेल्या नकली नावांची यादी वर सरकत होती आणि मी सवयीनं मोठ्यानं वाचत होते. आई डॉट ईएक्सई, पुसलं, हेही तसंच वाचून गेले. डोमाभाऊ उभे राहिले. “आई पुसली का पोरी?” त्यांनी विचारलं. मी घाईनं सीडी बाहेर काढली. नकली पुसलं हे मला ठाऊक होतं, पण त्याच्या मागे खरं उरलंय की नाही, ते मशीन पुन्हा सुरू झाल्याशिवाय कळणार नव्हतं. इतकी भीती मला आयुष्यात वाटली नाही.

मशीन सुरू झालं. पडद्यावर काहीच नव्हतं. ‘लपवलेलं दाखव’ या ओळीसमोर मी खूण केली, आणि ते फिकट पिवळं फोल्डर वर आलं.

तू फोनवर विचारलं होतंस, लपवलेल्या फाइली बघितल्या का. मी म्हटलं, तूच शिकवलंस ना, बघितल्या. बघ, तेवढं तरी खोटं बोलले नाही.

आवाज आहे, भूपेश. स्वच्छ आहे, मागे कोंबड्यासुद्धा ऐकू येतात. कुंताबाई माइककडे बघून विचारतात, “यात माहा आवाज गेला तं मंग मले वापस भेटन का?” त्यावर तू हसतोस आणि म्हणतोस, “भेटन ना, कुठी जाते.” तुझं ते जुनं हसणं. मी सगळी रेकॉर्डिंग डोमाभाऊंच्या बटणाच्या मोबाइलमध्ये टाकून दिली. ते पुन्हा पुन्हा ऐकत राहिले. मग मोबाइल माझ्यापुढे धरून म्हणाले, “पोरी, यातून त्याले झाडून टाक.” मला आधी समजलंच नाही. समजल्यावर मी म्हटलं, भाऊ, पोरगा आहे तुमचा. त्यांनी मान हलवली. “ओळखीचा आहे,” म्हणाले.

तुझं हसणं कापण्याआधी मी ते एकदा पुन्हा ऐकलं. ते हसणं मला आवडायचं, अजूनही आवडतं, लपवत नाही. पण कापलं, नीट कापलं. आता त्या विचारतात आणि कुणी उत्तर देत नाही, नुसत्या कोंबड्या ओरडतात. डोमाभाऊ बोडीच्या पाळीवर, तिच्या बांधावर, जाळं विणत बसतात आणि ते लावतात. साऱ्या गावानं ऐकलंय. तुला मात्र आवाज गेला म्हणून सांग, असं त्यांनीच मला बजावलं होतं, आणि मी सांगितलंही.

मग हे पत्र का? कारण तू रडलास. रडून तुला बरं वाटलं, ते मला फोनवरच कळलं. आणखी थोड्या दिवसांनी तू चार माणसांत सांगशील, माझ्या आईचा आवाज व्हायरसनं खाल्ला, आणि लोक तुझ्या पाठीवरून हात फिरवतील. एवढं स्वस्तात तुला मी सोडणार नाही. आवाज आहे, आणि तो तुझ्याकडे नाही, हे घेऊन तू जग. माझ्याकडे मागू नकोस, मशीन मी डोमाभाऊंच्या घरी पोचवलं आहे, प्रत ठेवलेली नाही. हवा असेल तर बोडीच्या पाळीवर जा आणि सगळ्यांसमोर त्यांना विचार. त्या कोण होत्या, हे आधी ते तुला विचारतील. आता सीडी लाव. त्या दिवशीच्या रेकॉर्डिंगमधून मी कापून काढलेलं सगळं तिच्यात आहे. आधी तू हसतोस, मग म्हणतोस, भेटन ना, कुठी जाते. एवढंच आहे. तू एकटाच आहेस.

तुझ्या फक्त ओळखीची,
दिव्यानी