शिरपा उठला नाही

सणसर, मार्गशीर्ष वद्य पंचमी, शके १८५६

डोकं अजून तापलेलंच आहे. पाटलांची म्हैस सकाळी गोठ्यात दिसली नाही, एवढ्यावर फौजदारानं पालांवरचे सगळे पारधी आणून चावडीपुढं उन्हात बसवले! चौकशी नाही, काही नाही. त्यांत आमच्या डाळिंबाच्या बागेचा राखणदार शिरपाही होता. मी तसाच धावलो. म्हटलं, "साहेब, हा त्यांच्यातला नाही. तीन वर्षं माझी बाग राखतोय, एक फळ इकडचं तिकडं झालं नाही." फौजदार म्हणाला, "घेऊन जा."

शिरपा उठला नाही.

"चल की!" मी ओरडलो. शेजारच्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवून तो म्हणाला, "मालक, मी ह्यांच्यातलाच हाय. ह्यो माझा थोरला भाव. मी तापानं पडलो की तुमची बाग ह्योच राखतो. तुमाला ठाव न्हाय व्हय?"

चारचौघांत कानाखाली बसल्यासारखं झालं. तणतणत घरी आलो. आबा म्हणाले, "माजलाय तुझा पारधी." मीही मान डोलावली! का डोलावली?

दुपारी म्हैस कालव्याच्या कडेला चरताना सापडली. तरी दिवस मावळेपर्यंत कुणाला सोडलं नाही. तोवर शिरपाही उठला नाही.

फौजदाराचा संताप येतो, आबांचा येतो. पण फौजदारानं निदान प्रत्येकाचं नाव तरी विचारून लिहून घेतलं. माझी बाग राखणाऱ्या त्या भावाचं नाव मला अजून ठाऊक नाही.