खाणीच्या तळ्यातली उद्याची उडी थांबवण्याबाबत

गोपनीय

प्रति,
मा. कुलसचिव,
विद्यापीठ कार्यालय, मुख्य इमारत.

विषय : विद्यार्थी परिषदेच्या नव्या अध्यक्षाने खाणीच्या तळ्यात उडी मारण्याची प्रथा, निदान उद्यापुरती, बंद ठेवण्याबाबत.

संदर्भ : माझ्या पहिल्या अर्जास आलेले आपल्या कार्यालयाचे उत्तर.

महोदय,

१. मी आपल्याच परीक्षा विभागात अधीक्षक आहे. उद्या दुपारी चार वाजता जो मुलगा अध्यक्ष म्हणून तळ्यात उडी मारणार आहे, तो माझा मुलगा. त्याला फिट येतात. मागच्याच महिन्यात न्हाणीघरात फिट आली आणि मला दाराची कडी तोडावी लागली. त्याच्या एकाही मित्राला हे ठाऊक नाही. कोणाला सांगणार नाही, असं वचन त्याने माझ्याकडून घेतलं आहे आणि ते मी या अर्जाने मोडत आहे. कृपया हा कागद टेबलाटेबलांवरून फिरवू नये.

२. "सदर प्रथेची दप्तरी नोंद आढळून येत नाही, सबब ती बंद करण्याचा प्रश्न उद्भवत नाही," असे आपण कळवले आहे. धन्य आहे! आपण स्वतः दरवर्षी व्हरांड्यात उभे राहून टाळ्या वाजवता. तरी नोंदीसाठी लिहिते. मुख्य इमारतीचा दगड आवारातल्याच खाणीतून काढला. मग खाणीत पाणी साचलं, तळं झालं. पहिल्या वर्षीच्या अध्यक्षाने तळाशी जाऊन एक दगड वर आणला आणि इमारतीच्या पायरीशी ठेवला. तेव्हापासून प्रत्येक अध्यक्ष आणतो. जो आणत नाही तो 'कोरडा'. वनस्पतीशास्त्राच्या विभागप्रमुखांनी तरुणपणी नकार दिला होता, ते अजून 'कोरडे सर' आहेत. बाहेरगावची पत्रंसुद्धा त्यांना याच नावाने येतात.

३. प्रथा वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. त्या ढिगात माझाही दगड आहे. या विद्यापीठाची पहिली मुलगी अध्यक्ष मीच. तळाशी हात टेकला तेव्हा बोटं गारठून आपली राहिली नव्हती, पण वर आले तेव्हा जग जिंकल्यासारखं वाटलं. परिषदेच्या खोलीत तो फोटो आहे आणि मुलगा लहान असताना मीच हौसेने त्याला दाखवला. आता तो म्हणतो, "आई, तू मारलीस ना उडी? मग मी काय घोडं मारलंय?" महोदय, दगड तळाशी आहे. तिथे त्याला फिट आली तर काठावरच्या पोरांना वाटेल, हा दगड शोधतोय. ती टाळ्या वाजवत राहतील.

४. मी काय काय केलं नाही! सुरक्षा अधिकारी म्हणाले, "मॅडम, लेखी आदेश आणा." अभियंता विभागाच्या नकाशात तळं 'मोकळी जागा' आहे आणि मोकळ्या जागेतलं पाणी उपसायची तरतूद नाही. शेवटी कँटीनमध्ये जाऊन मी पोटच्या पोराविरुद्ध प्रचार केला. हा घरी स्वतःचं ताट उचलत नाही, ह्याला मत देऊ नका, असं सांगितलं. पोरं म्हणाली, "काकू, तुम्ही भारी आहात!" विरोधी उमेदवाराला यात काहीतरी डाव दिसला आणि त्याने अर्जच मागे घेतला. मुलगा बिनविरोध निवडून आला. मी माझ्याच पायावर धोंडा मारून घेतला.

५. तरी विनंती की, तळ्याच्या फाटकाला उद्या कुलूप लावण्याचा आदेश आपण आपल्या सहीने काढावा. आदेश आपला असला की मुलाला कोणी कोरडा म्हणणार नाही. शिव्या आपल्याला बसतील. लहान तोंडी मोठा घास घेते, पण आपल्याला त्यांची सवय आहे. आदेश जमत नसेल तर त्याची निवड रद्द करावी. कारण मी पुरवते : त्याने ग्रंथालयाची पुस्तकं परत केलेली नाहीत. ती माझ्याच कपाटात आहेत आणि मी ती देणार नाही.

६. यातलं काहीच न झाल्यास माजी अध्यक्षाने पुन्हा तळ्यात उतरू नये असा नियम नाही. आपल्या पत्राप्रमाणे तसा असूही शकत नाही. उद्या चारच्या आधीच मी पाण्यात असेन, तो जिथे पडेल तिथेच. सगळ्या विद्यापीठासमोर त्याचा हात धरीन आणि वर येईपर्यंत सोडणार नाही. त्यानंतर तो माझ्याशी कधी बोलणार नाही, हे मला पक्कं माहीत आहे. अबोला धरलेला मुलगा मला चालेल. तो घरात असला पाहिजे.

आपल्या आदेशाकडे डोळे लावून बसलेली,

(सही)
अधीक्षक, परीक्षा विभाग
माजी अध्यक्ष, विद्यार्थी परिषद
दिनांक : ७ सप्टेंबर

सोबत :
१. डॉक्टरांचा दाखला (बंद पाकिटात).
२. संदर्भातील पत्राची प्रत.
३. उद्या दुपारच्या अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज. कारण : पोहणे.