अप्पांनी गाळलेला नियम

अप्पा, डावा कान अजून बहिराच आहे. नातू त्या बाजूनं हाका मारतो, मी ओ देत नाही, मग तो चिडतो. त्याला कसं सांगू, की हे तुमच्या शिकवण्याचं फळ आहे म्हणून?

मुरुमच्या शाळेत तुम्ही विज्ञान शिकवायचात. निजामाचं राज्य, शिकवणं सगळं उर्दूत. घरी आईशी कानडी, बाजारात मराठी, आणि वर्गात तुम्ही, माझा बापसुद्धा, उर्दूच. गतीचे तिन्ही नियम आम्ही अर्थ न कळता घोकायचो. त्या दिवशी तिसरा नियम म्हणताना माझी गाडी मधेच अडली. तुम्ही शांतपणे खडू खाली ठेवलात, हात पुसलात आणि कानाखाली अशी वाजवलीत की मी तरटावरून भिंतीशी जाऊन पडलो. मग लाल झालेला तळवा साऱ्या वर्गाला दाखवलात. म्हणालात, "बघा, जेवढं त्याला लागलं तेवढंच माझ्या हाताला लागलं. हाच तिसरा नियम." पोरं हसली. तुम्हीही हसलात, ते मला जास्त लागलं.

घरी आई चुलीपुढं बसून लसणाचं तेल कोमट करतेय, माझ्या कानातून रक्त येतंय आणि तुम्ही शेजारीच भाकरी कुस्करताय. आई म्हणाली, पोराला ऐकू येईना झालंय. तुम्ही आमटी ओतून घेतलीत. "पण नियम आता जन्मात विसरायचा न्हाय," म्हणालात. खरं बोललात. नाही विसरलो.

पुढं मीही मास्तरच झालो, तोच धडा मराठीतून शिकवायला लागलो. एकदा ती गोष्ट वर्गात सांगितली, गंमत म्हणून, कुणाची ते न सांगता. पुढच्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली. "गुरुजी, दोघांना सारखंच लागलं, तर मारणाऱ्याचं काय गेलं?"

मी फळ्याकडं तोंड केलं. उत्तर पुस्तकातच होतं, तुम्हाला तोंडपाठ होतं. बल दोघांवर सारखंच, पण त्याच बलानं हलकी वस्तू लांब फेकली जाते आणि जड जागची फारशी हलत नाही. कानातला पडदा फाटतो, राठ तळवा नुसता लाल होतो. एवढे शिकलेले तुम्ही, आणि नेमका हाच दुसरा नियम गिळून बसलात. लाज कशी वाटली नाही, अप्पा?

पोलीस ॲक्शनच्या आदल्या उन्हाळ्यात तुम्ही तापानं गेलात. मला वाईट वाटलं नाही, उगाच खोटं कशाला बोलू. आपल्यात मेलेल्या माणसाला आडवं नेत नाहीत, विमानात, म्हणजे सजवलेल्या डोलीत, बसवून पुरायला नेतात. तुम्हालाही कपाळभर विभूती लावून, पाठीशी फळी देऊन बांधलं. रान लांब म्हणून विमान बैलगाडीत ठेवलं, मला शेजारी बसवलं. वर्गात बसायचात तसेच ताठ दिसत होतात. बाजाराच्या कोपऱ्यावर एक म्हैस आडवी आली, गाडीवानानं कासरा ओढला. गाडी गपकन थांबली आणि तुमची मान मात्र तशीच पुढं गेली, हनुवटी छातीवर आपटली. उर्दूत घोकलेला पहिला नियम मला तिथं भर उन्हात कळला. चालती वस्तू आपणहून थांबत नसते. मला हसू फुटायला लागलं. मनात म्हणालो, आता म्हणा की नियम, सगळं गाव ऐकतंय.

हसू ओठावर असतानाच माझा हात पुढं गेला. तुमचं कपाळ तळव्यावर तोलून धरलं ते थेट रानातल्या खड्ड्यापर्यंत. विभूती घामात कालवून मनगटापर्यंत उतरली. बायका म्हणाल्या, किती जीव होता पोराचा बापावर.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, घडी करून ठेवणार आहे. एवढंच सांगायचं राहिलं होतं. त्या दिवशी गाडीत हात लई भरून आला होता, दुसरा मोकळाच होता. पण बदलताना तुमची मान पडेल म्हणून बदलला नाही.